आप्पांना पटवायचं कसं

आप्पांना आधी पटवायचं की शेवटी, यावर आत्या-भाचीचं एकमत होईना.

"शेवटी," राणी म्हणाली. "आधी बाबा, मग आई. दोन मतं आपल्या खिशात आली की आप्पा एकटे पडतात."

"आप्पा एकटे पडले की जास्तच चढतात," पद्मावती म्हणाली. गच्चीवर सांडगे वाळत घातले होते आणि ती हातातल्या वर्तमानपत्रानं कावळे हाकत होती. "अन् पटवायचं म्हणजे काय? जे आहे ते सांगायचं. मला लग्न करायचंय."

"असं सरळ सांगून या घरात आजवर काही झालंय? तुला फोन बदलायचा होता तेव्हा दिवाळीला निघालेला विषय होळीपर्यंत चालला."

हे खरं होतं. सोळुंक्यांच्या घरात सरळ बोलणं हे भांडणाचं आमंत्रण समजलं जाई. त्यात हा विषय साधा नव्हता. पद्मावती चौपन्न वर्षांची. नवरा गेल्यावर ती वडिलांच्या हैदराबादेतल्या बरकतपुऱ्याच्या घरी परत आली, त्याला तेवीस वर्षं झाली होती. एवढी वर्षं तिनं घर सांभाळलं, भावाची मुलगी वाढवली, बापाला रोज पेपर वाचून दाखवला आणि आठवड्यातून दोनदा काचीगुड्याच्या मराठी वाचनालयाच्या टेबलावर बसून पुस्तकं दिली-घेतली. त्या टेबलासमोर एक दिवस अविनाश केतकर येऊन उभे राहिले. पुण्याचे, अठ्ठावन्न वर्षांचे, विधुर, कोंडापूरकडच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. पुस्तकं घ्यायचे आणि न वाचताच परत आणायचे. न वाचलेलं पुस्तक पद्मावतीला हातात घेताच कळायचं, पण तिनं ते बोलून दाखवलं नाही. त्यांची लेक अश्विनी पुण्यात. तिनं बाबांना फोनवरच होकार दिला होता. राहिलं होतं ते सोळुंक्यांचं घर.

आणि पद्मावतीची एक अट होती. आप्पांच्या तोंडून 'हो' आल्याशिवाय ती उंबरा ओलांडणार नव्हती. पळून जायचं आपलं वय राहिलं नाही, गुडघे दुखतात, असं ती हसून सांगायची. पण खरं कारण ते नव्हतं. बापाला दुखवून ती सुखी झाली नसती, हे राणीलाही माहीत होतं.

"माझ्यावर सोड," राणी म्हणाली. "माझं कामच आहे ते."

राणी माधापूरच्या एका कंपनीत लोकांच्या फोनवर येणारे जाहिरातीचे निरोप लिहायची. एकच कुकर नव्या सुनेला 'तुमचा वेळ वाचतो' म्हणून आणि तिच्या सासूला 'चुलीवरच्या वरणाची चव' म्हणून विकायचा. हे ती इतकं सफाईनं करायची, की तिनंच लिहिलेला निरोप वाचून तिच्या आईनं दोन कुकर मागवले होते.

"प्रत्येकाला वेगळं सांगायचं, आत्या. खोटं नाही. वेगळं."

"दोन्हींत किती अंतर असतं गं?"

"आपल्याला बसता येईल एवढं," राणी म्हणाली आणि नाक चोळत खाली गेली.

*

संदेश सोळुंके यांचं बेगम बाजारात मिरची-मसाल्याचं दुकान होतं. लेक दुकानात आलेली पाहून त्यांना आनंद झाला आणि लगेच संशय आला. ती आली की काहीतरी हवं असायचं.

समोर चारमिनारकडचा एक हॉटेलवाला उभा होता. "रंग देखो भाई, रंग," संदेशराव त्याला मूठभर मिरच्या दाखवत होते. "तिखट हैच नहीं. गिऱ्हाईक दो रोटी जास्ती खाता." तो गेला तशी एक तेलुगू बाई आली. संदेशरावांनी त्याच पोत्यात हात घातला आणि डोळे मोठे करून म्हणाले, "कारम् बागा उंटुंदी, अम्मा!" तिखट चांगलं आहे ऐकून बाई खूश झाली आणि पिशवी भरून गेली.

"बाबा, दोन्ही एकाच पोत्यातलं?"

"पोतं एक असतं. जिभा वेगळ्या असतात," संदेशराव अभिमानानं म्हणाले. मग लेकीचा चेहरा पाहून त्यांनी आवाज उतरवला. "आक्काचं ना? मला माहितीय. तुझी आई परवा म्हणत होती. हे बघ, माणूस चांगला असंल. पण इथं बाजारात तोंड दाखवायचंय मला. सोळुंके शेठच्या बहिणीनं चौपन्नाव्या वर्षी बाशिंग बांधलं म्हणून चहाच्या टपरीवर वर्षभर चालंल. तो पुण्याचा वरणभातवाला, आपण उदगीरकडचे रांगडे. लई बाताँ करतील लोक."

"कुणाला कळलं तर करतील ना?" राणी म्हणाली. "रजिस्टर ऑफिसात सही. दोन साक्षीदार. संपलं."

"पत्रिका?"

"नाही."

"जेवणावळ?"

"छे. आत्या एक दिवस कोंडापूरला राहायला गेली, एवढंच. हैदराबाद एवढं मोठं आहे. कोण कुठं राहतं हे कोण बघतं?"

संदेशराव मिरच्यांकडे बघत राहिले. आक्काला तिच्या सासरहून परत आणायला तेच गेले होते. बसच्या टपावर तिची ट्रंक त्यांनीच चढवली होती आणि परतताना दोघं भावंडं रस्ताभर एक अक्षर बोलली नव्हती. ती ट्रंक त्यांच्या डोळ्यांसमोरून अजून हलत नव्हती. आक्काचं चांगलं व्हावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. फक्त ते शेजारच्या दुकानदाराला कळू नये, असंही वाटत होतं.

"चुपचाप असंल तर माझी ना नाही," ते म्हणाले. दिवसभर गिऱ्हाइकं गुंडाळणारा माणूस पोटच्या पोरीनं असा गुंडाळला आणि वर त्यानंच तिला चहा पाजून घरी पाठवली.

*

आईकडे, म्हणजे रंजनाकडे, राणी रिकाम्या हातानं गेली नाही. तिनं फोनवर एका हॉलचे फोटो उघडूनच स्वयंपाकघरात पाऊल टाकलं.

"आई, दिलसुखनगरचा आहे. झुंबरं बघ."

रंजनानं हात पुसले. ती सोलापूरची. तिच्या तिन्ही बहिणींच्या घरी गेल्या पाच वर्षांत मुंजी, बारशी, साठी, सगळं झालं होतं. प्रत्येक वेळी ही आहेर घेऊन जायची, हॉलमध्ये बसून जेवायची आणि परतीच्या गाडीत नवऱ्याशी भांडायची. या घरात कार्यच होत नव्हतं. लेक लग्नाला उभी राहत नव्हती.

"सनई असेल," राणी म्हणाली. "तुझ्या तिन्ही बहिणी येतील. त्यांना वाढायला तू उभी राहशील, पैठणी नेसून. नणंदेचं लग्न लावून देणारी वहिनी, आई! सोलापुरात असं कुणी केलंय?"

"नाही बाई," रंजना म्हणाली आणि झुंबर बोटांनी मोठं करून बघू लागली.

आक्काशी तिचं काही अगदी गूळपीठ नव्हतं. आमटीत चिंच घालायची की आमसूल, यावर दोघी वीस वर्षं भांडत होत्या आणि वीस वर्षं चिंच जिंकत होती. आक्का गेल्यावर आमसूल घालता येईल, हा विचार तिच्या मनात आला. त्यामागोमाग दुसराही आला, की मग संदेशरावांबद्दलच्या तक्रारी सांगायच्या कुणाला? क्षणभर तिला एकदम ओकंबोकं वाटलं.

"तुझे बाबा तयार आहेत?"

"एकदम."

"हॉलला?"

"लग्नाला," राणी म्हणाली आणि नाक चोळलं.

*

आप्पा, म्हणजे एकनाथराव सोळुंके, व्हरांड्यात आरामखुर्चीत बसले होते. वय शहाऐंशी. शाळेची सुरुवात उर्दूत झालेली, नोकरी पाटबंधारे खात्यात झालेली आणि आयुष्य दुसऱ्यांचं म्हणणं खोडण्यात गेलेलं. कुणी ऊन म्हटलं की आप्पांना ढग दिसायचे. डॉक्टर 'तब्येत छान आहे' म्हणाले, तर हे घरी येऊन अंथरूण धरायचे.

राणीनं खुर्चीशेजारी बैठक मारली. आप्पांचं दुखणं कशात आहे, हे तिनं नीट हेरलं होतं.

"आप्पा, आत्या कुठं जाणार नाही. अविनाशकाकाच इथं येतील. वरची खोली रिकामीच आहे."

"घरजावई?" आप्पांनी एक डोळा उघडला.

"तसंच समजा. तुम्हाला गप्पांना माणूस होईल. पेपर वाचायला दोघं होतील."

आप्पांनी नातीकडे बघितलं. ती नाक चोळत होती. हिचा बाप लहानपणी गूळ चोरून खाल्ला की अस्संच नाक चोळायचा. म्हणजे पोरगी खोटं बोलत होती. पण खोटं फार सुंदर होतं. पद्मा इथंच राहणार, सकाळी तिच्या हातचा चहा मिळणार, हे ऐकायला आप्पांना इतकं बरं वाटलं की ते खोडावं असं काही त्यांना वाटेना. तसं वाटेना म्हणून ते स्वतःवरच चिडले.

"रविवारी जेवायला बोलाव त्याला," ते म्हणाले. "बघू."

*

रविवारी पंगत बसली. घरच्यांना मटण आणि केतकरांसाठी बघारे बैंगन. केतकर इस्त्रीचा सदरा घालून, पिस्त्याच्या बिस्किटांचा डबा घेऊन आले होते आणि घरात शिरल्यापासून घाम पुसत होते. मोठमोठ्या परदेशी साहेबांसमोर ते तासभर न अडखळता बोलायचे म्हणे. इथं शहाऐंशी वर्षांचा एक म्हातारा समोर नळी फोडत बसला होता आणि केतकरांना 'नमस्कार'नंतरचं वाक्य सुचत नव्हतं.

सुरुवात संदेशरावांनी केली. चांगल्या मनानं केली.

"केतकरसाहेब, शुक्रवारी आपण सही करून टाकू. कानोकान खबर नक्को. मी दुकानातून जरा येतो सांगून निघतो."

"सही?" रंजनाच्या हातातला वाढायचा डाव हवेतच थांबला. "अन् हॉलचं काय? माझ्या बहिणींनी रिझर्वेशनं केलीत!"

"कसला हॉल?"

"सनईवाला बी ठरवलाय मी!"

"सनई? कायकू? बाजारात आधीच..."

"तुमचा बाजार गेला खड्ड्यात!"

"वरच्या खोलीला निळा रंग सांगितलाय," आप्पा मध्येच म्हणाले. त्यांनी नळी ताटात ठेवली आणि केतकरांकडे रोखून बघितलं. "चालंल ना निळा?"

केतकरांनी घास गिळला. "छान रंग आहे. पण वरच्या खोलीत कोण राहणार आहे?"

सगळ्यांच्या माना हळूहळू राणीकडे वळल्या. राणीचा हात नाकाकडे गेला होता, तो तिनं खाली घेतला. माधापूरला बरं होतं. तिथं सून आणि सासू आपापल्या फोनवर निरोप वाचायच्या. सगळी गिऱ्हाइकं एका पंगतीला जेवायला बसतील, हा विचार तिनं केलाच नव्हता.

"म्हणजे पद्मा इथं राहणार नाही," आप्पा म्हणाले.

आप्पांचा चेहरा म्हाताऱ्या माणसाचा झाला. एरवी तो तसा दिसायचा नाही. त्यांना दुखलं होतं, आणि दुखलं की ते समोरच्याला दुखवायचे. समोर केतकर होते.

"तुम्ही पहिले नाहीत, केतकर. परवाच एक आला होता. पोलिसातला. उंच, मिशीवाला. तुमच्यापरीस तरणा. हिनं त्याला बी चहा पाजला, तासभर बोलली अन् मग नाही म्हणून सांगितलं."

केतकर पांढरे पडले. "परवा?"

"हौ. परवा."

"परवा शुक्रवारी?" त्यांनी पद्मावतीकडे बघितलं. "शुक्रवारी तुम्ही मला फोनवर म्हणालात, डोकं दुखतंय, झोपते आहे." ते पाटावरून उठलेच. एका हाताला बघारे बैंगन लागलेलं, दुसऱ्या हातात रुमाल. "नाही, मला काही विचारायचा अधिकार नाही. पण चहा? तासभर?"

"अहो, बसा," पद्मावती म्हणाली. "तो येऊन वीस वर्षं झाली."

"वीस? ते तर परवा म्हणाले!"

"मग काय म्हणणार?" पद्मावती म्हणाली. "काल नव्हता आला, म्हणजे परवाच."

केतकर तसेच उभे. राणीनं तोंडावर हात दाबला. दहा वर्षं हा माणूस हैदराबादेत राहत होता, पण कोंडापूरच्या काचांच्या इमारतींमध्ये. तिथं हैदराबादची बोली पोचलीच नव्हती. इथं कालच्या अलीकडचं सगळं आज आणि कालच्या पलीकडचं सगळं परवा. दख्खनीत परसों, तसं इथल्या मराठीत परवा. निजाम परवा गेला, मेट्रो परवा आली आणि पोलिसातला मिशीवाला परवाच चहा पिऊन गेला.

केतकर सावकाश खाली बसले. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडायला लागलं.

"एक मिनिट. वाचनालयात पहिल्यांदा बोललो, तेव्हा मी विचारलं होतं, आपले मिस्टर काय करतात. तुम्ही म्हणालात, ते परवा गेले."

"मग?"

"मला वाटलं, परवा गेले! आणि तुम्ही शांतपणे माझ्या पुस्तकावर शिक्का मारत होतात! मी हात जोडले आणि पळालो. दोन महिने फिरकलो नाही, बाई सुतकात आहेत म्हणून. घरी जाऊन अश्विनीला सांगितलं, काय धीराची बाई आहे, तिसऱ्या दिवशी कामावर हजर!"

पहिल्यांदा रंजना फुटली. मग संदेशराव. पद्मावती पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. आप्पांनी दाबून धरलं होतं, पण त्यांचं पोट हलायला लागलं आणि शेवटी ठसका लागेपर्यंत ते हसले. केतकरांनीच त्यांना पाणी दिलं.

पाणी पिऊन आप्पांनी मिशा पुसल्या. "हसलो म्हणून हो म्हणलो असं समजू नका," ते म्हणाले.

पुन्हा सगळं जिथल्या तिथं आलं. राणीनं खाकरून सुरुवात केली, "आप्पा, माझं चुकलं, पण तुम्ही जरा असा विचार करा..."

"राणी, गप बस," पद्मावती म्हणाली. तिनं आप्पांच्या ताटात भात वाढला, त्यावर रस्सा घातला आणि साध्या आवाजात म्हणाली, "आप्पांना कुणी विचारू नका. त्यांचं 'नाही' आहे."

आप्पांनी मान वर केली. "मी कुठं बोललो?"

"बोलायला कशाला पाहिजे? मी ओळखते. अन् बरोबरच आहे तुमचं. या वयात शोभत नाही. अविनाशराव, तुम्हाला उगाच एवढ्या लांबून बोलावलं. ताक घ्या."

केतकरांचा चेहरा असा उतरला, की रंजनाला त्यांच्यासाठी भडभडून आलं. पद्मावतीनं मात्र त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तिला पुढचं बोलता आलं नसतं.

"माझं 'नाही' तू कोण ठरवणारी?" आप्पा म्हणाले.

"मी एकटी नाही ठरवत. संदेश, तू सांग. आप्पा हो म्हणतील का रे?"

संदेशराव भोळेपणानं म्हणाले, "जन्मात नाही."

"रंजना?"

"आप्पा? छे! नाहीच म्हणणार ते," रंजना म्हणाली आणि डोळे पुसले.

"बघा. अख्ख्या घराचं एकमत आहे. विषय संपला. भात कालवा आप्पा, गार होतोय."

अख्ख्या घराचं एकमत व्हावं आणि तेही आप्पांना न विचारता, असं सोळुंक्यांच्या घरात आजवर झालं नव्हतं. आप्पांचे कान लाल झाले. त्यांनी ताटावर हात मारला तसा रस्सा केतकरांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर उडाला.

"हो आहे माझं!" ते गरजले. "कुणाला शोभत नाही? आँ? माझ्या पोरीला शोभत नाही? लग्न होणार. रजिस्टरात चोरून बी नाही अन् हॉलात बी नाही. माझ्या दारात मांडव पडंल. बेगम बाजारातल्या एकेका दुकानाला मी स्वतः जाऊन आवतन देणार."

"आप्पा, बाजारात नक्को," संदेशराव कळवळले.

"टपरीवाल्याला बी देणार! अन् ही कोंडापूरला जाणार. इथं कामून राहील? नवऱ्याच्या घरी जाणार. बघू कोण अडवतंय!"

कुणीच अडवत नव्हतं. पद्मावती खाली मान घालून भात कालवत होती. राणीला ती बाजूनं दिसत होती, म्हणून तिच्या गालावरची खळी फक्त राणीला दिसली.

हात धुताना राणीनं तिला मोरीपाशी गाठलं. "आत्या! हे कुठं शिकलीस?"

"तू ज्याला जे ऐकायचंय ते सांगतेस," पद्मावती म्हणाली. "आप्पांना ऐकायचं नसतं गं, खोडायचं असतं. मग खोडायला द्यायचं."

"मग मला कशाला पळवलंस? आधीच करायचं ना!"

"अगं, सगळ्यांनी मिळून 'नाही' म्हणायला आधी सगळे एका पंगतीला बसायला नकोत का? ते तू केलंस. हुशार आहेस तू."

*

केतकर रश्श्याचा डाग मिरवत गेले. रंजना बहिणींना फोनवर मांडवाची जागा समजावत होती आणि संदेशराव डोक्याला बाम लावून पडले होते. संध्याकाळी पद्मावती चहा घेऊन व्हरांड्यात गेली. रोजच्यासारखी खाली बसली, पेपर उघडला, पण चष्मा सापडेना. तो तिच्या डोक्यावर होता. आप्पांनी तो काढून तिच्या हातात दिला.

"आपल्या गावच्या उरुसाला नेलं होतं तुला. आठ वर्षांची असशील," ते म्हणाले. "चार दिवस आधीपासून म्हणत होतीस, मला उरुसाला नाही जायचं, मला नाही जायचं. घरात सगळ्यांना सांगत होतीस, आप्पा नेणारच नाहीत."

पद्मावती हसली. "अन् तुम्ही चिडून नेलंत."

"चिडून नाही नेलं."

"मग?"

"तुला जायचं होतं म्हणून नेलं."

पद्मावतीच्या हातातला पेपर तसाच राहिला. शेहेचाळीस वर्षं तिला वाटत होतं, की बापाला कसं वळवायचं हे फक्त आपल्याला कळतं. दुपारी मोरीपाशी भाचीला ते केवढ्या ऐटीत सांगितलं होतं तिनं! म्हातारा तेव्हाही ओळखून होता. आजही, ताटावर हात आपटतानाही. सरळ 'जा' म्हणणं त्यांना जमलं नसतं, म्हणून लेकीनं जी वाट करून दिली तिच्यावरून ते मुकाट चालले होते.

"आप्पा," ती म्हणाली.

आप्पा रस्त्याकडे बघत होते. "कोंडापूर लांब आहे," ते म्हणाले. "तू रोज यायची काही गरज नाही."

पद्मावतीनं त्यांच्याकडे बघितलं.

"रोज तर मुळीच नाही," आप्पा म्हणाले. "पेपर मला वाचता येतो. चहा रंजनाला बी करता येतो. चांगला करते ती. रविवारी तर तू येऊच नको. तुझ्या माणसाला मटण चालत नाही. वांगी कोण करत बसंल त्याच्यासाठी?"

"बरं," पद्मावती म्हणाली. तिला हुंदका आवरत नव्हता आणि तिनं तो आवरलाही नाही. "नाही येणार."

"नकोच येऊ."

"रविवारी तर नाहीच येणार. तुम्ही बी माझी वाट बघू नका."

"मी कामून बघतो?"

"सकाळपासून दारात खुर्ची टाकून तर मुळीच बसू नका."

"कोण बसतंय," आप्पा म्हणाले, आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसू लागले.